छोट्या नेटबुकच्या स्क्रीनवर जास्त रिझोल्यूशन कसे मिळवावे

नेटबुकवर, म्हणजे छोट्या आणि स्वस्त लॅपटॉपवर, एखाद्या प्रोग्रामची सेटिंगची चौकट उघडली की तिचा वरचा पट्टा दिसतो, मधले पर्यायही दिसतात, पण ज्यावर क्लिक करून काम पुरे करायचे ते ‘ओके’चे बटण स्क्रीनच्या खालच्या कडेपलीकडे गेलेले असते. याचे कारण साधे आहे. नेटबुकच्या काळातले बहुतेक प्रोग्राम निदान १०२४×७६८ पिक्सेलची स्क्रीन गृहीत धरून लिहिले गेले, आणि नेटबुकची स्क्रीन १०२४×६०० ची निघाली. रुंदी पुरेशी आहे. अडते ते उंचीच्या १६८ ओळींपाशी. म्हणून ‘रिझोल्यूशन वाढवायचे’ असे म्हणताना मनात खरे तर उंचीच असते, आणि उपाय निवडताना हे ध्यानात ठेवले तर बरीच निरर्थक खटपट वाचते.

२००७ मध्ये आलेल्या आसूसच्या ई-पीसी ७०१ या पहिल्या गाजलेल्या नेटबुकची सात इंची स्क्रीन तर अवघी ८००×४८० पिक्सेलची होती. पुढे ८.९ आणि १०.१ इंचांच्या यंत्रांत १०२४×६०० हाच आकडा रूढ झाला. या लेखात १०.१ इंची स्क्रीन, इंटेलचा अ‍ॅटम एन-४५० प्रोसेसर, त्याच्यातच असलेली जीएमए-३१५० ग्राफिक्स आणि विंडोज ७ स्टार्टर अशी नमुन्याची जोडणी धरली आहे. एन-२७० आणि जीएमए-९५० असलेल्या त्याआधीच्या यंत्रांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते. लेखात देवनागरीत दिलेल्या आज्ञा आणि शोधशब्द प्रत्यक्ष टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचे आहेत.

सॉफ्टवेअर काय करू शकते आणि काय नाही

स्क्रीनच्या काचेमागे ६,१४,४०० पिक्सेल कायमचे बसवलेले आहेत आणि कोणत्याही सेटिंगने त्यांत एकाचीही भर पडत नाही. रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) बदल किंवा लिनक्समधली आज्ञा वापरून आपण एवढेच करतो, की ग्राफिक्स चिपला १०२४×७६८ चे, म्हणजे ७,८६,४३२ पिक्सेलचे चित्र आधी स्मृतीत पूर्ण काढायला लावतो आणि मग ते दाबून ६०० ओळींत बसवायला सांगतो. इंटेलच्या या चिपमध्ये चित्र पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्या, मापात बसवणारा एक भाग मुळातच असतो. त्याचे नेहमीचे काम लहान चित्र ताणून मोठे करण्याचे. मोठे चित्र दाबून लहान करणेही त्याला काही मर्यादेपर्यंत जमते, फक्त विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे ही चिप चालवणारा प्रोग्राम, ती सोय बंद ठेवतो. पुढच्या सगळ्या खटाटोपात आपण ती सोय उघडतो, इतकेच. जागा मिळते आणि सुबकता जाते, हा व्यवहार मान्य असेल तरच त्या वाटेला जावे.

आधी असलेली उंची मोकळी करा

रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी फुकटात मिळणारी जागा घ्यावी. विंडोज ७ चा टास्कबार ४० पिक्सेल उंचीचा असतो. त्यावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लहान आयकॉनचा पर्याय निवडला तर तो ३० वर येतो, आणि आपोआप लपण्याचा पर्याय निवडला तर जवळजवळ सगळी उंची परत मिळते. मला याहून सोयीचा वाटतो तो तिसरा मार्ग, म्हणजे टास्कबारचे कुलूप काढून तो ओढून स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा लावणे. नेटबुकवर रुंदी त्यातल्या त्यात मुबलक असते, तेव्हा द्यायचीच तर तीच द्यावी, आणि घड्याळही सतत डोळ्यांसमोर राहते.

ब्राउझरमध्ये एफ-११ दाबले की पट्टे नाहीसे होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून उपयोगी, पण कमी वापरली जाणारी सोय म्हणजे झूम. कंट्रोल धरून वजाचे बटण दाबत पान ८० टक्क्यांवर आणले, तर त्या पानाला १२८० पिक्सेल रुंदीची जागा मिळाल्यासारखे होते आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय ब्राउझर प्रत्येक अक्षर त्या लहान मापात नव्याने काढतो, तयार चित्र दाबत नाही. त्यामुळे अक्षरे बारीक होतात, पण धूसर होत नाहीत. ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्येच चालते, त्यांनी इथेच थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

कडेखाली गेलेल्या बटणासाठीही एक जुनी युक्ती आहे. ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबून चौकटीचा मेनू उघडावा, मग एम दाबावे आणि वरच्या दिशेचा बाण दाबत राहावे. चौकट वर सरकत तिचा माथा स्क्रीनबाहेर जातो आणि तळ दिसू लागतो. जागा बरोबर झाली की एंटर दाबावे. चौकट पूर्ण स्क्रीनभर मोठी केलेली असेल तर हलवण्याचा पर्याय चालत नाही, तेव्हा ती आधी लहान करून घ्यावी. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर ऑल्ट, आणि काही ठिकाणी विंडोजचे चिन्ह असलेले बटण, दाबून धरले की चौकट कुठेही पकडून माउसने ओढता येते.

एखादा लांबलचक दस्तऐवज वाचायचा असेल तर नेटबुक कडेवर उभे करून, पुस्तकासारखे धरून वाचण्याचाही मार्ग आहे. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबला की चित्र फिरते आणि उंची १०२४ होते. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबून ते पूर्ववत होते. टचपॅडच्या दिशा मात्र उलट्यापालट्या होतात, त्यामुळे हा प्रकार वाचण्यापुरताच बरा.

विंडोजच्या रजिस्ट्रीतून १०२४×७६८ उघडणे

आता मुख्य कृतीकडे वळू. सुरुवातीला डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर या मथळ्याखाली काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे इंटेलचे नाव असले पाहिजे. ‘स्टँडर्ड व्हीजीए’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले’ असे काही असेल, तर इंटेलचा ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे आणि तो आधी बसवावा, कारण ज्या नोंदीत आपल्याला बदल करायचा आहे ती नोंद हा ड्रायव्हरच तयार करतो.

त्यानंतर परतीची सोय करावी. ‘कॉम्प्युटर’वर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सिस्टम प्रोटेक्शन, आणि तिथे ‘क्रिएट’ हे बटण दाबून रिस्टोअर पॉइंट बनवून ठेवावा. याला काही मिनिटे लागतात. ती वाचवू नयेत.

मग स्टार्ट मेनूत ‘रेजएडिट’ टाइप करून एंटर दाबावे आणि परवानगी विचारली जाईल तेव्हा ‘येस’ म्हणावे. रजिस्ट्रीच्या खिडकीत डावीकडे सगळ्यांत वर असलेल्या ‘कॉम्प्युटर’वर एकदा क्लिक करावे, म्हणजे शोध अगदी माथ्यापासून सुरू होतो, हे विसरले तर मधूनच शोध सुरू होऊन नोंदी निसटतात. कंट्रोल आणि एफ दाबून शोधाच्या चौकटीत ‘डाउनस्केलिंग’ हा एकच शब्द मध्ये जागा न सोडता टाकावा: डी-ओ-डब्ल्यू-एन-एस-सी-ए-एल-आय-एन-जी. खालच्या खुणांपैकी फक्त ‘व्हॅल्यूज’ची खूण ठेवावी आणि पूर्ण शब्द जुळवण्याची खूण काढून टाकावी, कारण आपल्याला हवी असलेली नोंद लांब नावाची आहे: ‘डिस्प्ले-१’, मग खालची रेघ, मग ‘डाउनस्केलिंगसपोर्टेड’.

नोंद सापडली की खिडकीच्या तळाशी तिचा मार्ग दिसतो. त्यात महिरपी कंसातला एक लांब सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याची सुरुवात ४, डी, ३६, ई, ९६८ अशी असेल तर ती डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरचीच नोंद आहे, याची खात्री बाळगावी. तिच्यावर दोनदा क्लिक करून ० च्या जागी १ लिहावा आणि ओके करावे. मग एफ-३ दाबून पुढची नोंद शोधावी, तीही बदलावी, आणि शोध संपल्याचा संदेश येईपर्यंत हे चालू ठेवावे. अशा अनेक नोंदी सापडतात, कारण विंडोज चालू सेटिंगची जुनी प्रतही बाळगते आणि एकाच अ‍ॅडॉप्टरच्या ०००० व ०००१ अशा दोन शाखा असतात. शेवटची एखादी नोंद आपण हात न लावताच १ झालेली दिसली तर दचकू नये. ‘करंटकंट्रोलसेट’ ही शाखा आधीच्या एका शाखेचेच प्रतिबिंब असते.

या नावाची नोंद एकदाही सापडली नाही, तर त्या ड्रायव्हरपुरता हा मार्ग बंद आहे असे समजावे. अशा वेळी स्वतःच्या मनाने नवी नोंद तयार करण्यापेक्षा ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती बसवून पुन्हा शोधणे अधिक शहाणपणाचे.

सगळ्या नोंदी बदलल्यावर नेटबुक पुन्हा सुरू करावे. डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून ‘स्क्रीन रिझोल्यूशन’मध्ये गेल्यावर पट्टीवर १०२४×७६८ आणि ११५२×८६४ हे दोन नवे आकडे दिसतात. हवा तो निवडून ‘अप्लाय’ करावे. विंडोज १५ सेकंद वाट पाहते आणि ‘कीप चेंजेस’ दाबले नाही तर आपोआप मागे फिरते, त्यामुळे चित्र बिघडले तरी घाबरून वीज बंद करू नये. नुसते हात बाजूला ठेवून थांबावे.

विंडोज ८ आल्यावर ही युक्ती विशेष गाजली, कारण त्यातली स्टोअरची अ‍ॅप १०२४×७६८ पेक्षा कमी रिझोल्यूशनवर उघडतच नसत आणि नेटबुकधारकांना सरळ नकाराचा संदेश मिळे. रजिस्ट्रीतला हाच बदल केला की ती उघडू लागत.

चित्र कसे दिसते, आणि मराठी मजकुराचे काय होते

१०२४×६०० या पॅनेलची रुंदी-उंची एकमेकांशी १.७१ च्या आसपास प्रमाणात आहे, तर १०२४×७६८ चे प्रमाण १.३३ आहे. रुंदी तशीच राहते आणि उंची मूळच्या ७८ टक्के होते. वर्तुळे अंड्यासारखी आडवी दिसतात, माणसांचे चेहरे बसके दिसतात. छायाचित्रे पाहण्याच्या किंवा त्यांच्यावर काम करण्याच्या वेळी हे रिझोल्यूशन ठेवू नये.

मजकुरावरचा परिणाम याहून सूक्ष्म आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्याला तो इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाचतो. दाब फक्त उभ्या दिशेने असल्यामुळे उभ्या रेघा तशाच धारदार राहतात, पण आडव्या रेघा शेजारच्या ओळींत मिसळतात. लहान आकारातल्या मराठी मजकुराची शिरोरेषा बहुधा एका पिक्सेलची असते. दाबलेल्या चित्रात ती एका ओळीत ठळक काळी उमटते, पुढच्या ओळीत दोन पिक्सेलांत वाटली जाऊन करडी होते, आणि पान सरकवले की हा क्रम बदलतो. मात्रा आणि रफार शिरोरेषेला चिकटतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक शोधावा लागतो. इंग्रजी अक्षरांना अशी सलग आडवी रेघ नसल्यामुळे ती तितकी बिघडत नाहीत. मराठी टाइप करायचे असेल तर अक्षराचा आकार दोन-तीन अंकांनी वाढवावा किंवा सरळ १०२४×६०० वर परतावे.

११५२×८६४ वर रुंदीही दाबली जाते आणि तिथे आणखी एक गोष्ट बिघडते. विंडोजचे क्लिअरटाइप प्रत्येक पिक्सेलातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षर गुळगुळीत करते. आडव्या दिशेने चित्र दाबले की त्या पट्ट्यांचा हिशेब चुकतो आणि अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येते. हे रिझोल्यूशन वापरायचेच असेल तर क्लिअरटाइप बंद करून पाहावे. माझ्या मते तो आकडा एखादा हट्टी इन्स्टॉलर पार पाडण्यापुरता ठीक आहे, रोजच्या वापराला नाही.

लिनक्समध्ये

लिनक्सची सोय इथे विंडोजपेक्षा सरस आहे, कारण प्रमाण आपल्याला हवे तसे ठेवता येते. लिनक्सवर चित्र दाखवण्याच्या एक्स-ऑर्ग आणि वेलँड अशा दोन व्यवस्था आहेत, आणि ‘एक्सरँडर’ ही आज्ञा एक्स-ऑर्ग सत्रातच पुरेशी काम करते. वेलँड सत्र चालू असेल तर लॉगिनच्या वेळी एक्स-ऑर्गचे सत्र निवडावे. टर्मिनलमध्ये एक्स-आर-ए-एन-डी-आर एवढेच टाइप करून एंटर दाबले की जोडलेल्या स्क्रीनची नावे दिसतात. नेटबुकच्या पॅनेलचे नाव बहुधा ‘एलव्हीडीएस-१’ असते, पण मधली आडवी रेघ कुठे असते आणि कुठे नसते, म्हणून जे दिसेल तेच जसेच्या तसे पुढे वापरावे.

मग आज्ञा अशी बांधावी: आधी एक्सरँडर, मग जागा सोडून दोन आडव्या रेघांना जोडून ‘आउटपुट’, पुढे पॅनेलचे नाव, मग पुन्हा दोन आडव्या रेघांना जोडून ‘स्केल’, आणि शेवटी १.२५, इंग्रजी एक्स, १.२५ असे मध्ये जागा न सोडता. याने डेस्कटॉप १२८०×७५० चा होतो, आणि दोन्ही दिशांचा दाब सारखा असल्यामुळे वर्तुळ वर्तुळच राहते. फक्त उंची हवी असेल तर शेवटी १ आणि १.२८ हे आकडे द्यावेत. तेव्हा १०२४×७६८ मिळते. दोन्ही आकडे १ दिले की सारे पूर्ववत होते. काही आवृत्त्यांत स्क्रीन मोठी होते, पण माउसचा बाण जुन्या हद्दीबाहेर जात नाही. अशा वेळी त्याच आज्ञेत ‘पॅनिंग’ हा पर्याय जोडून त्याला नवे माप, म्हणजे १२८०×७५०, द्यावे.

पॅनिंग स्वतंत्रपणेही वापरता येते, आणि या सगळ्या उपायांत मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो. स्केल न देता पॅनिंगला १०२४×७६८ हे माप दिले तर काहीच दाबले जात नाही. डेस्कटॉप खरोखर ७६८ ओळींचा होतो, त्यातल्या ६०० दिसतात आणि बाण खालच्या कडेला नेला की चित्र वर सरकते. शिरोरेषा जशीच्या तशी राहते. मापात शून्य दिले की पॅनिंग बंद होते.

स्केलचे चित्र दर वेळी नव्याने दाबावे लागत असल्याने अ‍ॅटमसारख्या मंद यंत्रावर व्हिडिओ अडखळतो, हे गृहीत धरावे. आज्ञा दर वेळी टाइप करायची नसेल तर ती डेस्कटॉपच्या सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत घालावी, पण काही दिवस हाताने वापरून पाहिल्यानंतरच.

बाहेरचा मॉनिटर

घरी किंवा कार्यालयात बसून काम असेल तर जुना मॉनिटर व्हीजीए केबलने जोडणे हा सर्वांत स्वस्त खरा उपाय आहे. एन-४५० साठी इंटेलने या जोडणीची मर्यादा १४००×१०५० दिलेली आहे, त्यामुळे १२८०×१०२४ चा जुना चौकोनी मॉनिटर त्याला नीट शोभतो. विंडोज ७ स्टार्टरमध्ये मात्र दोन स्क्रीनवर डेस्कटॉप पसरवण्याची सोय नाही. नेटबुकचा आणि मॉनिटरचा डेस्कटॉप एकच ठेवला तर पुन्हा ६०० ओळींचीच अडचण येते, म्हणून विंडोजचे बटण आणि पी दाबून फक्त बाहेरचा मॉनिटर चालू ठेवावा.

पॅनेलच बदलणे

पिक्सेल खरोखर वाढवायचे असतील तर १३६६×७६८ चे १०.१ इंची पॅनेल बसवणे हा एकच मार्ग उरतो. एन-४५० मधली ग्राफिक्स हे रिझोल्यूशन आतल्या स्क्रीनवर चालवू शकते, आणि डेलच्या मिनी १० किंवा एचपीच्या मिनी २१४० सारख्या काही नेटबुकांत कारखान्यातूनच असे पॅनेल पर्यायाने मिळत असे. एलजीचे एलपी-१०१-डब्ल्यूएच-१ आणि एयूओचे बी-१०१-एक्सटीएन-०१ ही अशी दोन पॅनेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा ठिकाणी जुनी पॅनेल विचारायला जाताना स्वतःचे पॅनेल काढून, त्याच्या पाठीवरच्या लेबलाचा फोटो घेऊन जावे. नुसते नेटबुकचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेल असतात.

खरेदीपूर्वी जुळवायच्या गोष्टी म्हणजे जोडणीच्या पिनांची संख्या, ती जोडणी पॅनेलच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, कडेच्या स्क्रूच्या पट्ट्या आणि पॅनेलची जाडी. पिनांची संख्या सारखी असली तरी त्यांची मांडणी सारखी असेलच असे नाही, आणि प्रकाशाचा वीजपुरवठा चुकीच्या पिनेवर गेला तर पॅनेल किंवा मदरबोर्ड जळू शकतो. म्हणून आपल्याच मॉडेलमध्ये ते पॅनेल कोणी यशस्वीपणे बसवले आहे का, याची खातरजमा करूनच पैसे द्यावेत. परत घेण्याचे लेखी आश्वासन मिळाले तर उत्तम.

काम करताना चार्जर काढावा, बॅटरी काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरू द्यावी. स्क्रीनभोवतीच्या चौकटीवरची रबराची झाकणे टोकाने काढून खालचे स्क्रू काढावेत, चौकट नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने आतून बाहेर उचकटावी, आणि पॅनेल पुढे कलवून पाठीमागची केबल तिच्यावरची चिकटपट्टी सोलून सरळ रेषेत ओढून काढावी. तिरकी ओढली तर पिना वाकतात. नवे पॅनेल जोडल्यावर लगेच स्क्रू आवळू नयेत. ते नुसते टेकवून, बॅटरी लावून यंत्र सुरू करावे. कंपनीचे चिन्ह दिसले तर बायोसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने, पॅनेल ओळखले. प्रकाश येतो, पण चित्र येत नाही अशी स्थिती झाली तर बाहेरचा मॉनिटर लावून पाहावे. तिथे विंडोज सुरळीत दिसत असेल तर बायोसला हे पॅनेल ओळखता येत नाही किंवा केबल नीट बसलेली नाही, आणि दुसरी शक्यता आधी तपासावी.

पॅनेल नीट चालले की रजिस्ट्रीतल्या नोंदी पुन्हा ० कराव्यात, नाहीतर मोठ्या आकड्यांची यादी उगाच दिसत राहते. नव्या पॅनेलवर एका इंचात सुमारे १५५ पिक्सेल येतात. जुन्यावर ते सुमारे ११८ होते. त्यामुळे अक्षरे एकदम बारीक वाटतात आणि हात आपोआप मजकूर मोठा करण्याच्या सेटिंगकडे जातो. तिथे १२५ टक्के निवडले, तर उपयोगाची जागा हिशेबाने १०९३×६१४ एवढीच उरते, म्हणजे जवळपास जुन्या स्क्रीनइतकी. विंडोज १०० टक्क्यांवरच ठेवावे आणि अक्षर मोठे करायचे ते ब्राउझरपुरते आणि लेखनाच्या प्रोग्रामपुरते करावे.